बेटावरचं सामान

विमाकाकांना धोका लांबून ओळखता येतो, अशी त्यांच्या ऑफिसात ख्याती होती. एखाद्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरले की नाक जरासं वर करून ते सांगत, "ती वायर पेटणार. त्या जिन्यावरून कुणीतरी घरंगळणार." आणि वायर पेटायची, कुणीतरी घरंगळायचंही. एकदा तर ते स्वतःच घरंगळले होते. पण आधी सांगून घरंगळले, म्हणून मान राहिला. अशा माणसाला कॉलनीच्या सभेत शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या धोक्याची चाहूल लागली नाही, याचं कारण एवढंच की तो धोका म्हणजे त्यांची बायको होती, आणि घरात नाक वर करायची सवय त्यांनी फार पूर्वीच सोडली होती.

सभा सुट्टीतल्या मुलांबद्दल होती. बोलत होत्या बाई. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा आवाज काही त्यांच्याबरोबर निवृत्त झाला नव्हता.

"मुलांना सगळं आयतं मिळतंय," बाई म्हणाल्या. "गावाबाहेरच्या तलावात ते बेट आहे ना, तिथे एक दिवस सोडा त्यांना. आपलं आपण करू द्या. मग कळेल."

"सोडायचं म्हणजे, परत आणायचं ना?" एका आईने विचारलं. तिच्या आवाजात काळजी होती की आशा, ते नीटसं कळलं नाही.

मोठ्या मुलांचा ताबा बाई घेणार होत्या. प्रश्न राहिला छोट्यांचा, म्हणजे ज्यांना अजून बुटाची नाडी बांधता येत नाही अशांचा. त्यांच्यासाठी एक जबाबदार माणूस हवा, असं बाई म्हणताच सगळ्या पुरुषांना एकदम कामं निघाली. एकाला पंखा फिरतोय की नाही हे बघायचं होतं, एकाची चप्पल हरवली, आणि वरच्या मजल्यावरचे इंजिनियर उठून भिंतीच्या भेगेत बोट घालून उभे राहिले.

"हे येतील की," काकू म्हणाल्या. "यांना रविवारी काही काम नसतं."

विमाकाका या विधानाचा खुलासा करायला उभे राहिले. उभा राहिलेला माणूस बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर, ऑफिसातल्या सवयीने, विमाकाकांनी मान लववली. संपलं.

खरं सांगायचं तर लहान मुलांशी त्यांचा संबंध फारसा आलेला नव्हता. घरात एक लहान मूल होतं, ही गोष्ट खरी. धाकटी. थोरली कॉलेजात गेल्यावर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती झाली, आणि नेमकी त्याच सुमाराला विमाकाकांना बढती मिळाली. त्यामुळे बापलेकीची ओळख बहुतेक झोपेतली. सकाळी ते निघत तेव्हा ती झोपलेली असे, रात्री परतत तेव्हाही. रविवारी ते स्वतः झोपलेले असत.

पुढचा आठवडा सल्ल्यांचा गेला. टोपीची आई रोज येऊन एकेक सूचना देऊन जायची. टोपी म्हणजे तिचा मुलगा. तो उन्हाळ्यातसुद्धा लोकरीची टोपी काढत नसे, म्हणून त्याचं नाव टोपी. डॉक्टरीणबाईंची मुलगी प्रत्येक वाक्यानंतर "का बरं?" विचारायची, तिला सगळे काबरं म्हणत. तिच्या आईने सांगितलं, "उत्तर द्यायलाच हवं असं नाही हो. फक्त मान हलवा. आम्ही तेच करतो." आणखी एक होता, तो बोलतच नसे. जवळ जो मोठा माणूस असेल त्याचं बोट धरून उभा राहायचा. तो बोटधऱ्या.

इंजिनियर मात्र सल्ला देऊन थांबणारे नव्हते. त्यांनी लांबच लांब दोर आणला. "गिर्यारोहक असंच करतात," असं म्हणून कॉलनीच्या आवारात सगळ्या छोट्यांना त्यांनी ओळीने कमरेला बांधलं आणि दोराचं टोक विमाकाकांच्या हातात दिलं. "आता एकही हरवणार नाही." एकही हरवला नाही, हे खरं. एक खाली बसला की सगळे बसायचे. मग एकाला शू लागली. पुढचा प्रकार बघायला कॉलनीतल्या गॅलऱ्या भरल्या होत्या आणि दोराच्या टोकाला, मान ताठ ठेवून, इंजिनियरांच्या मते नेत्याच्या आणि बाकीच्यांच्या मते बांधून आणलेल्या आरोपीच्या थाटात, विमाकाका फरपटत होते.

त्यानंतर तलाव खातं. बेटावर उतरायला त्यांची परवानगी लागते. खिडकीपलीकडचा कारकून सज्जन होता, पण सज्जनपणा त्याच्या हातात नव्हता.

"प्रवासी किती?" त्याने विचारलं.

विमाकाकांनी मोठ्या मुलांचा आकडा सांगितला, मग छोट्यांचा.

"छोटे म्हणजे सहाच्या आतले? ते प्रवासी नाहीत."

"मग कोण आहेत?"

"नियमात नाहीत."

"अहो, नियमात नसतील, पण माझ्या घरात आहे ना एक!"

कारकुनाने हात पसरले. "माझ्याकडे तीनच रकाने आहेत. प्रवासी, जनावर, सामान. सांगा, कुठे घालू?"

विमाकाकांनी विचार केला. दोराच्या प्रयोगानंतर 'जनावर' या शब्दाकडे त्यांचं मन ओढ घेत होतं. पण जनावराला डॉक्टरचा दाखला लागतो, असं कळलं.

"सामान लिहा," ते म्हणाले. "पण नाजूक सामान लिहा."

"नाजूक असेल तर परवानगी वेगळ्या खिडकीवर मिळते. ती खिडकी बंद आहे."

अशा रीतीने कॉलनीची चिल्लीपिल्ली सामान म्हणून बेटावर गेली.

बेट छान होतं. एका बाजूला वाळू, मध्ये झाडी, झाडीपलीकडे खडक. उतरल्याबरोबर बाईंनी शिट्टी फुंकली आणि मोठ्या मुलांची सभा भरवली. नेता निवडला गेला. मग पाणी खातं, स्वयंपाक खातं, संरक्षण खातं. खाती वाटून होईपर्यंत पाणी खातं आणि स्वयंपाक खातं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती आणि संरक्षण खातं पाण्यात दगड मारत होतं. बाई खूश होत्या. "बघा, कसे आपलं आपण करतायत," असं त्या म्हणाल्या आणि पुन्हा शिट्टी फुंकली.

शिट्टी वाजली की छोटेही धावत यायचे. सभेसाठी नाही, शिट्टीसाठी. येऊन गोल करून बसायचे, मोठ्यांची भाषणं तोंड उघडं ठेवून ऐकायचे, आणि भाषण लांबलं की एकेक जण बसल्या बसल्याच मागे सरकत वाळूत नाहीसा व्हायचा. त्यांचा संसार वेगळाच चालला होता. वाळूत त्यांनी खोल्या आखल्या होत्या. जवळच एक बुटकं झाड होतं, त्याला जांभळ्या रंगाची फळं लगडलेली. ती फळं सगळे दिवसभर खात होते. थोड्या वेळाने एकेक जण पोट धरून गंभीर चेहऱ्याने झाडामागे जायचा, हलका होऊन परत यायचा आणि पुन्हा फळांना लागायचा. कुणी पडलं तर इकडेतिकडे बघायचं. मोठं माणूस बघत असेल तर रडायचं. नसेल तर उगाच कशाला, म्हणून उठायचं. भांडण व्हायचं, मिटायचं, आणि या दोन्हींच्या मध्ये काहीच नसायचं. विमाकाकांच्या ऑफिसात तेवढ्या भांडणाला चौकशी समिती नेमावी लागली असती.

दुपारी छोटे जिथे होते तिथेच, फळाच्या रसाने तोंडं माखलेली, आडवे होऊन झोपले. आणि नेमका तेव्हाच वारा उठला.

"निघू या," नावाडी म्हणाला. "हा वारा वाढणार. पण सकाळसारखंच, एका खेपेत सगळे मावणार नाहीत. तरंगायची जाकिटंही तेवढी नाहीत. आधी प्रवासी, मग सामान. कागदावर तसंच आहे."

"झोपू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "अर्ध्या तासात बोट परत येईल. विमाकाका आहेतच."

विमाकाकांचं नाक वर झालं. त्यांना वास आला होता, अगदी स्पष्ट. "बाई," ते म्हणाले, "मला यात धोका दिसतो."

"तुम्हाला सगळ्यातच दिसतो," बाई म्हणाल्या, आणि बोट गेली.

तलावाच्या मध्यावर बोटीचं इंजिन खोकलं, पुन्हा एकदा खोकलं आणि गप्प झालं. नावाड्याने वल्ही काढली. बोट रांगत रांगत पलीकडे पोचली, एवढं विमाकाकांना दिसलं. ती परत निघालेली मात्र दिसली नाही. वारा वाढला. तलावाला लाटा असतात, हे विमाकाकांना तोवर माहीत नव्हतं.

छोटे उठले. विमाकाकांनी घसा साफ केला. वाईट बातमी कशी सांगायची याचं ऑफिसने त्यांना खास प्रशिक्षण दिलं होतं. आधी धीर, मग बातमी, मग पुन्हा धीर.

"मुलांनो, घाबरायचं काही कारण नाही. बाकीचे सगळे पुढे गेलेत. आपल्याला जरा थांबावं लागेल."

"का बरं?" काबरंने विचारलं.

"बोट गेली म्हणून."

बोटधऱ्याने आपल्या मुठीकडे पाहिलं. विमाकाकांचं बोट तिथेच होतं. त्याने ते वर धरून सगळ्यांना दाखवलं. ते बघून सगळ्यांचं समाधान झालं आणि मंडळी वाळूत खेळायला गेली. धीराचा दुसरा हप्ता विमाकाकांच्या तोंडातच राहिला.

याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. संकटात सापडलेल्या माणसाची एक अपेक्षा असते, की बरोबरच्यांनीही थोडं सापडावं. इथे त्यांच्याखेरीज कुणीच सापडलेलं नव्हतं.

त्यांनी कामाला सुरुवात केली. पहिलं काम, खूण. अंगातला शर्ट काढून त्यांनी एका फांदीला बांधला आणि फांदी वाळूत रोवली. बनियनवर उभं राहायची त्यांना सवय नव्हती. अंघोळीहूनही ते शर्ट घालूनच बाहेर यायचे. पण प्रसंग तसा होता. दुसरं काम, अन्न. बिस्किटांचे पुडे जपून पुरवायला हवेत, असं ठरवून त्यांनी पिशवी उघडली. पिशवीत कागद होते.

"बिस्किटं कुठायत?"

"माशांना दिली," टोपी म्हणाला.

"सगळी?"

"मासे खूप आहेत," टोपी समजुतीच्या सुरात म्हणाला.

तिसरं काम, फोन. फोन त्यांनी टॉवेलची नीट घडी करून त्याखाली ठेवला होता. टॉवेल होता. घडी होती. फोन नव्हता. आणि तेवढ्यात तो वाजला. जमिनीतून.

"बाळ रडतंय," काबरं म्हणाली.

हळूहळू उलगडा झाला तो असा. घर म्हटलं की बाळ हवं. बाळ व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण बाळाला फळं खाऊ देत नाहीत. म्हणून फोनला बाळ केलं, वाळूच्या घरात निजवलं, थंडी वाजू नये म्हणून वाळूचं पांघरूण घातलं. कुठल्या घरात, ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

विमाकाका गुडघ्यांवर बसून जमिनीला कान लावत फिरू लागले. आवाज इकडून येतो म्हणून इकडे उकरावं, तर घरमालकीण किंचाळायची, "ते स्वयंपाकघर आहे!" तिकडून येतो म्हणून तिकडे वळावं, तर टोपी आडवा पडलेला. "या भिंतीवरून नाही यायचं. दारातून या." एका मोठ्या विमा कंपनीच्या उपव्यवस्थापकाने बनियनवर, रांगत, वाळूतल्या दारांतून वाकून जात सगळी घरं धुंडाळली. फोन वाजायचा थांबला. पुन्हा वाजला. शेवटी सापडला तेव्हा त्याच्या सगळ्या भोकांत वाळू होती.

"हॅलो!" विमाकाका ओरडले.

"अहो, ऐकू येतंय का?" काकूंचा आवाज आला. "हॅलो! बोलत का नाही?"

"बोलतोय! ऐक, बोट..."

"हॅलो? अहो, रागावलात का? ही काय वेळ आहे का रुसायची?"

त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांचं मात्र पलीकडे काहीच पोचत नव्हतं. वाळू नेमकी बोलायच्या बाजूला गेली होती. संसारात इतकी वर्षं हेच चाललंय, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण तो त्यांनी पुढे ढकलला.

"बरं, नका बोलू," काकू म्हणाल्या. "फक्त ऐका. इंजिनचा भाग जळलाय. दुसरी बोट पलीकडच्या गावाहून येतेय, पण वारा पडल्याशिवाय निघणार नाही. म्हणजे पहाटे. घाबरू नका. धाकटीला रात्री अंगावर पाय टाकायची सवय आहे, टाकू द्या. थांबा, बाई बोलतायत."

"विमाकाका, ही संधी समजा," बाई म्हणाल्या.

मग इंजिनियर आले. तारे बघून दिशा कशी ओळखायची ते त्यांनी समजावलं. बेटावरून कुठल्याही दिशेला पाणीच आहे, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. मग एकेक आई. एकीच्या मुलाला डाव्या कुशीवर झोपायला लागायचं, एकीच्या मुलीला गोष्ट लागायची, पण त्या गोष्टीत वाघ चालायचा नाही. विमाकाका मान हलवत होते. शेवटी टोपीची आई आली, रडवेली.

"काका, एवढंच सांगते, सगळ्यात महत्त्वाचं. रात्री झोपताना, काहीही झालं तरी, त्याची टोपी..."

फोन बंद पडला. बॅटरी संपली होती.

काढा, की काढू नका? विमाकाका काळ्या पडलेल्या फोनकडे आणि मग टोपीच्या टोपीकडे बघत राहिले. त्या लोकरीखाली काय असेल, कुणास ठाऊक. कसल्याही जखमेची किंमत ठरवणारा हा माणूस त्या टोपीपुढे हतबल झाला. उन्हं कलल्यावर टोपीने स्वतःच टोपी काढली आणि वाळूत टाकली. आत चारचौघांसारखं डोकं होतं, केस असलेलं.

"काढलीस?" विमाकाकांनी भीत भीत विचारलं.

"गरम होतंय," टोपी म्हणाला. "घरी पंखा असतो."

ऊन उतरलं तसे छोटे एकमेकांना चिकटून बसू लागले. खेळ थांबला नाही, पण आवाज बारीक झाले. धाकटी येऊन पहिल्यांदाच वडिलांशी थेट बोलली.

"बाबा, झुडपात आजोबा आहेत."

"कुठले आजोबा?"

"खोकतात."

आणि खरंच, झाडीतून खोकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, कफ झालेला. सगळ्या चेहऱ्यांनी विमाकाकांकडे पाहिलं. आता मात्र सगळे सापडले होते. पण विमाकाकांना त्याचा हवा तसा आनंद झाला नाही. त्यांनी इंजिनियरांनी बळेच बरोबर दिलेला दोर उचलला आणि झाडीत शिरले. पुढच्या क्षणी झाडीतून कुणीतरी धावत बाहेर आलं. ते विमाकाका होते. त्यांच्या मागून दाढी हलवत, आरामात, एक बोकड आला.

त्याच्या गळ्यात दोरीचा तुटका तुकडा होता. कुणीतरी कधीतरी त्याला बेटावर आणलं होतं आणि न्यायचं राहून गेलं होतं. तोही सामानाच्या रकान्यातला असणार, असं मनात येऊन विमाकाकांना कसंसंच झालं.

"दूध काढा," काबरं म्हणाली.

"याचं दूध निघत नाही. हा आजोबा आहे."

"का बरं?"

या प्रश्नाला मान हलवून भागणार नव्हतं. पण तेवढ्यात बोकडाने खुणेसाठी लावलेला शर्ट खायला घेतला आणि विमाकाकांची उत्तरातून सुटका झाली. शर्ट वाचला नाही. एक बाही उरली. खिशातली तलाव खात्याची परवानगीही गेली. बोकडाने ती दोनदा चावली, तोंड वाकडं केलं आणि गिळली.

मुलांची भीती मात्र पार पळाली. आजोबांना मध्ये बसवून पुन्हा घर-घर सुरू झालं. काबरं आई, टोपी डॉक्टर, बोटधऱ्या पाहुणा. धाकटी कुठेच दिसेना. विमाकाका दचकून उठले. ती घरापासून लांब, एका झाडामागे, पाठ करून उभी होती.

"तुला घेतलं नाही का खेळायला?"

"घेतलंय. मी बाबा झालेय."

"मग इथे काय करतेस?"

"ऑफिसात आहे," धाकटी म्हणाली. "खेळ संपला की मला हाक मारतात."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रस्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं तिने सांगितलं. विमाकाकांना सुचली ती सगळी विधानं ऑफिसातली होती. थोडा वेळ तेही झाडामागे उभे राहिले. उभं राहायला काही मजा नव्हती. मुंग्या होत्या.

"कंटाळा नाही येत?" त्यांनी विचारलं.

"येतो. पण बाबा कुणीतरी व्हायला लागतं."

"मी होऊ का?"

धाकटीने त्यांना खालीवर बघितलं. बनियन, वाळूने माखलेले गुडघे. "तुम्हाला बाबा नाही येणार," ती प्रामाणिकपणे म्हणाली. मग तिला एकदम सुचलं. "बाळाची जागा रिकामी आहे. आमचं बाळ उठतच नाही आता."

अशा रीतीने, फोनच्या रिकाम्या जागी विमाकाकांची नेमणूक झाली. त्यांना दारातून आत नेण्यात आलं. ते बसले तर छोट्यांपेक्षा उंच दिसायचे, म्हणून आडवं व्हायला सांगितलं. अंगावर टॉवेल आला, तो पोटापर्यंतच पुरला, मग एक फ्रॉक आला, एक जाकीट आलं, टोपीने टोपी आणून त्यांच्या टकलावर बसवली.

"आता रडायचं," काबरं म्हणाली.

"कशाला?"

"बाळ आहात ना."

विमाकाकांनी "ऊं ऊं" केलं. कुणाला पटलं नाही. "असं नाही," टोपी म्हणाला. "खरं." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, थोडा मोठ्याने. धाकटी ऑफिसातून आली, त्यांच्या डोक्याशी बसली आणि थोपटू लागली. तिचा हात एवढासा होता आणि फळांच्या रसाने चिकट झाला होता. तिसऱ्या खेपेला रडणं बरं जमलं. नंतर तर ते इतकं जमलं की टोपीनेसुद्धा मान डोलावली, आणि मग, "पुरे आता," असं दोनदा सांगावं लागलं.

रात्रीचं सांगण्यासारखं फार काही नाही. वारा होता. मुलं एकमेकांच्या अंगावर हातपाय टाकून झोपली, बोकड खोकत राहिला. विमाकाकांनी वाघ नसलेली एक गोष्ट सांगितली. ती आगीच्या विम्याची होती आणि तिने सगळे लगेच झोपले. धाकटीचा पाय त्यांच्या छातीवर आला. तो त्यांनी हलवला नाही. उजाडायच्या आधी केव्हातरी वारा पडला आणि त्यांचाही डोळा लागला.

त्यांना जाग आली ती इंजिनच्या आवाजाने. मग बोट वाळूला घासल्याचा आवाज, मग माणसांचे आवाज. सगळी कॉलनी आली होती, हे डोळे न उघडताही कळत होतं. विमाकाकांचा पहिला विचार प्रतिष्ठेचा होता. अंगावर बनियन, बनियनवर एका मुलीचा फ्रॉक, डोक्यावर लोकरीची टोपी, बोटाला एक मूल आणि उशाला बोकड. अशा स्थितीत उठून बसल्यावर पहिलं वाक्य कुठलं बोलावं, याचा ते विचार करू लागले. वाक्य सुचेना, म्हणून त्यांनी डोळे मिटूनच ठेवले.

"अगं बाई! अहो! काय झालं यांना?" काकूंचा आवाज आला. पाण्यातून धावत आल्याचा छपछपाट झाला.

"श्श!" ही धाकटी. "हळू बोल, आई. आत्ताच झोपलंय."

"कोण झोपलंय?"

"आमचं बाळ. रात्रभर रडत होतं."

मग बाईंचा आवाज आला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो कुजबुजता होता. "थांबा सगळे. पाण्यातच उभे राहा." कुणाला तरी खोकला आला, तो त्याने दाबला. इंजिनियर हलक्या आवाजात काही सुचवायला लागले, त्यांना कुणीतरी गप्प केलं.

विमाकाका पूर्ण जागे होते. उठायला हवं होतं. आठवडा सुरू झाला होता, ऑफिस होतं. डोक्यावर तो एवढासा चिकट हात थोपटत होता, संथपणे, घाई नसलेल्या माणसासारखा. त्यांनी कूस बदलली, पाय पोटाशी घेतले, आणि डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.